धुऊन ठेवलेला टब

१

रातकिडे पाळतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग दोन पावलं मागे सरकतात. सरकू देत. ज्यांच्या घरी सरडे, बेडूक, हौसेनं पाळलेले पक्षी असतात त्यांना रोज जिवंत खाऊ लागतो, आणि तो कोणीतरी वाढवावाच लागतो. मागच्या लांबट खोलीत आमचे टब मांडलेले आहेत. प्लास्टिकचे, गुडघाभर उंच, आत अंड्यांचे पुठ्ठे उभे लावलेले, तळाला कोंडा, कोपऱ्यात ओला स्पंज, वर जाळीचं झाकण. आतून काठाखाली रुंद गुळगुळीत चिकटपट्टी फिरवलेली असते. किडा तिथवर चढतो आणि घसरून खाली येतो. एवढंच आहे सगळं, पण हे शिकायला दादाला निम्मं आयुष्य लागलं.

कोंड्यात घाण साचून वास मारायला लागला की टब बदलायचा. धुतलेला टब शेजारी घ्यायचा आणि एकेक पुठ्ठा उचलून त्यात झटकायचा. हे काम दादाचं. रिकामा झालेला टब मग माझ्याकडे अंगणात यायचा. तिथे शेगडीवर पाणी उकळतच असतं. आधी उकळतं पाणी ओतायचं, मग घासणी, मग व्हिनेगर, पुन्हा पाणी, आणि उन्हात पालथा. साबण अजिबात नाही, कारण त्याचा अंश राहिला तर पुढची सगळी पिल्लं मरतात.

दादाचे दोन हट्ट होते. एक, नव्या टबात आधी जुन्यातला एक पुठ्ठा ठेवायचा, न झटकता, आहे तसा. नाहीतर किडे भेदरतात, खात नाहीत, कोपऱ्यात ढीग करून बसतात. ओळखीचं काहीतरी दिसलं की शांत होतात. दुसरा हट्ट असा की जुन्या टबात एकही मागे राहता कामा नये. टब रिकामा दिसला तरी तो बुडावर तळहातानं दोनदा हलकेच थापटायचा आणि वाट बघत बसायचा. मी गरम पाण्याचं पातेलं धरून ताटकळत उभा. एका किड्यासाठी आता मुहूर्त काढायचा का, असं मी कुरकुरायचो. तो मान वर न करता म्हणायचा, थांब जरा, त्याला कळू दे.

दादा गेला त्याला वर्ष होत आलं होतं. टब आता वहिनी बदलायची. धुवायला मीच होतो.

२

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा मी दुसरीत होतो आणि आम्हाला आई-वडील नव्हते. त्यामुळे तिच्या वाट्याला नवऱ्याबरोबर एक शेंबडं पोरही आलं. ती मला भाऊजी म्हणायची आणि अरे-तुरे करायची. माझे केस पिकले तरी त्यात फरक पडला नाही. मी लग्न केलं नाही याचा दोषही ती स्वतःकडेच घ्यायची. लाडावून ठेवला म्हणायची.

दादा गेल्यापासून ती आटत चालली होती. पुढ्यात ताट ठेवलं तर चार घास खायची आणि उठायची. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायची. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही, पण माणसाला जगावंसं वाटलं पाहिजे. फी घेऊन हे सांगतात. मला एकच भीती होती, की ही पण जाईल आणि मी या घरात एकटा उरेन. हे मी कुणाला बोललो नाही. बोलणार कुणाला, किडे न्यायला येणाऱ्या पक्षीवाल्याला? त्याला त्याच्या पोपटापुढे दुसरं काही सुचत नाही.

पहिली गोष्ट खटकली ती आवाजाची. खोलीत हजारो रातकिडे असल्यावर किर्रकिर्र अखंड चालू असते, इतकी की आम्हाला ती ऐकूच येत नाही. झाकण उचललं की तेवढ्या टबातली बंद होते. वरून कोणी बघतंय हे त्यांना लगेच कळतं. बाकीच्या टबांना त्याचा पत्ताही नसतो.

त्या दिवशी दुपारी मी अंगणात घासत बसलो होतो आणि वहिनी समोरच स्पंज पिळत होती. एकदम सगळे टब गप्प झाले. एक ना दोन, सगळे. खोलीत कोणी नव्हतं. माझ्या हातातली घासणी थांबली. थोड्या वेळानं एकानं सुरुवात केली, मग दुसऱ्यानं, आणि मग सगळ्यांनी.

रस्त्यावरून जड गाडी गेली असेल, असं मी म्हटलं. वहिनी वर बघत होती, छपराच्या पत्र्याकडेही नाही, त्याच्याही वर.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. मी डोकं लढवलं. उष्णतेनं होत असेल, विजेचा दाब कमीजास्त होत असेल, पाल जाळीवरून फिरत असेल. एकदा मी मुद्दाम त्या वेळी खोलीत जाऊन बसलो. आवाज थांबला तेव्हा सगळ्या झाकणांवर हात ठेवून पाहिलं. सगळी घट्ट बसलेली होती. टबांत किडे पुठ्ठ्यांच्या सांदीत दबून बसले होते, मिशासुद्धा हलवत नव्हते. मीही नकळत मान खाली घालून बसलो होतो.

मग कंगवा सापडला.

संध्याकाळी वाळलेले टब आत घ्यायचे म्हणून मी उचलत होतो. सगळे मी स्वतः पालथे घातले होते. त्यातला एक सुलटा होता. आत, बरोबर मधोमध, वहिनीचा कंगवा होता. दात्यांत तिचे दोन-तीन पांढरे केस अडकलेले.

वहिनीला दाखवला तर तिनं तो हातात घेऊन उलटसुलट केला, केस काढले नाहीत. हल्ली माझं मेलं लक्षच नसतं, म्हणाली. मला पटलं. दुःखात माणूस काहीही कुठेही ठेवतो. मी स्वतः दादा गेल्यावर घराची किल्ली पिठाच्या डब्यात ठेवली होती.

पण दोन दिवसांनी तिचा कप सापडला. मग तिची शाल, नीट घडी घालून. प्रत्येक वेळी तो एकच टब सुलटा आणि वस्तू मधोमध. मी वस्तू काढून जागच्या जागी ठेवायचो. पुढे पुढे त्या टबातही सापडेनात आणि घरातही. कंगवा गेला, कप गेला. वहिनी दुसऱ्या कपातून चहा प्यायला लागली. कप कुठे गेला हे तिनं एकदाही विचारलं नाही.

४

आणि वहिनी सुधारली. खरं सांगतो, आधी मला आनंदच झाला. ती पोटभर जेवायला लागली. टब बदलताना गुणगुणायची. कपाटं आवरली, भांडी घासून लख्ख केली, माझ्या शर्टांची सगळी बटणं लावली. मी म्हटलं, वहिनी, कुणाचं लग्न काढलंस काय? तर हसली. पुढे म्हणाली, तुझं तुला सापडायला हवं ना सगळं, म्हणून एका जागी लावतेय.

त्याच आठवड्यात मी तिच्या खोलीतला दिवा बदलायला शिडीवर चढलो होतो. भिंतीवर एक पाल होती. पाल कुठेही चढते, काचेवरही. ही दाराच्या चौकटीच्या जरा वरपर्यंत आली, पाय मारायला लागली आणि सटकन खाली पडली. पुन्हा चढली, पुन्हा तिथंच घसरली. मी शिडीवरून हात लांब करून तिथल्या भिंतीला बोटं लावली. खाली रंग खरबरीत होता, जुना, पोपडे आलेला. त्या उंचीवर बोटं सरकन निघून गेली. दिसायला काही नाही. रंग तोच, पोपडेही तेच. पण हाताला काच लागावी तसं. मी शिडी सरकवत सरकवत चारी भिंती चाचपल्या. पट्टा सगळीकडून फिरला होता, रुंदीला माझ्या तळहाताएवढा.

दिवा न बदलताच मी खाली उतरलो. बाहेर उन्हात जाऊन बराच वेळ बसलो. ओलीमुळे भिंतीला असं होत असेल, असं स्वतःला समजावत होतो. ओल अशी सरळ रेघेत फिरत नाही हे मलाही कळत होतं.

५

शेवटी मी विषय काढलाच. तू माझ्या खोलीत झोप, मी बाहेर झोपतो, असं सांगितलं. नको म्हणाली. मग तिच्या बहिणीकडे महिनाभर जाऊन ये म्हटलं. त्यालाही नको. मी चिडलो. आवाज चढवून विचारलं की या घरात काय चाललंय ते तुला माहीत आहे की नाही.

ती कोंडा चाळत होती. चाळणी खाली ठेवून तिनं हात झटकले.

"भाऊजी, ह्यांनी कधी कुणाला नव्या जागी असंच नेऊन टाकलंय का? आधी ओळखीचं काहीतरी नेऊन ठेवतात. मग हळूच हलवतात."

मेलेली माणसं असं काही करत नाहीत, असं काहीतरी मी पुटपुटलो. ती म्हणाली, मलाही कळतं ते, मी काय खुळी आहे का. तिला काही समजून घ्यायचंच नव्हतं. वर्षभरानं बरं वाटतंय एवढं तिला पुरेसं होतं. मी म्हटलं, आणि तो दादा नसला तर? दुसरंच कोणी असलं तर?

"कोणी का असेना," ती म्हणाली. "इतकं स्वच्छ काम करतंय."

तिच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती की मला रागावताही येईना. मी तिथून उठलो आणि टब घासत बसलो. दुसरं मला येतं काय?

६

पुढच्या दुपारी आवाज थांबला तो सुरूच होईना. मी हातातला टब टाकून आत धावलो.

वहिनी तिच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. केस नीट बांधलेले, हात मांडीवर. खिडकी बंद होती, दिवा मी बदललाच नव्हता, आणि तरी खोलीत उजेड होता. तो वरून येत होता. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे, चारी बाजूंनी, बोटभर फट पडली होती आणि त्या फटीतून पांढरा, ऊन असावा तसा उजेड आत येत होता. छत उचललेलं होतं. कुणीतरी झाकण काढायच्या आधी जरासं उचलून, आत अंदाज घेऊन बघावं, तसं. व्हिनेगरचा आणि उन्हात तापलेल्या प्लास्टिकचा वास येत होता. एका कोपऱ्यातली फट काळी होती. तिथे उजेडाच्या आड काहीतरी होतं आणि ते हळूच सरकत होतं. मी तिकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मग बाहेरून, भिंतीला की जमिनीला ते कळलं नाही, दोन थापा बसल्या. हलक्याच. माझ्या तळपायांना त्या जाणवल्या. वहिनी उठून उभी राहिली.

मी तिचा हात धरला आणि वर तोंड करून ओरडलो. इतकी वर्षं दादाशी मी कधी असा बोललो नव्हतो.

"मागे कुणाला ठेवायचं नाही म्हणायचास ना? मग माझं काय?"

उजेड तसाच राहिला, बराच वेळ. वहिनी माझ्याकडे बघत होती. त्या वर्षात पहिल्यांदा तिनं मला नीट बघितलं असेल. तिनं माझा चेहरा हातानं पुसला, मी रडतोय हे मला तेव्हा कळलं. ती पुन्हा पलंगावर बसली. फट बारीक होत होत मिटली, आणि मागच्या खोलीत एक रातकिडा किरकिरला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवलो. तिनं मला आग्रहानं वाढलं. अशीच जात नाही रे मी, म्हणाली. मला वाटलं, जिंकलो.

७

मग एके दिवशी सुलट्या टबात माझा चष्मा होता.

मधोमध, काड्या मिटून ठेवलेला. मी तो खिशात घातला आणि वहिनीला सांगायचं नाही असं ठरवलं. पण माझ्या तोंडावरून तिला सगळं कळायचं, लहानपणापासून. काय रे, म्हणाली, आणि सरळ माझ्या खिशात हात घातला.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. इतके दिवस ती घाबरली नव्हती, ती आता घाबरली. माझ्या बोलण्याचा त्यानं हा अर्थ घेतला होता. मी मागे राहतोय म्हणून तक्रार केली, तर त्यानं मलाही मोजलं.

"माझं सोड," ती म्हणाली. "तुझं काय वय आहे जायचं?"

तिनं बाही वर केली, मागच्या खोलीतून घाणीची बादली ओढत आणली आणि अंगणातल्या एकेका धुतलेल्या टबात ओतायला लागली. कुजका कोंडा, मेलेले किडे, विष्ठा, सगळं. हातानं आतून लिंपलं. मी तासन्‌तास घासलेले टब ते. मी अडवायला गेलो तर म्हणाली, घाण टबात हे कुणाला हलवायचे नाहीत, जीव गेला तरी. आजपासून तू एकही टब धुवायचा नाहीस.

मग आम्ही घाणीत राहायला लागलो. टब बदलणं बंद. किडे मरायला लागले, वास घरभर पसरला. पक्षीवाला दारातूनच नाक दाबून परत गेला आणि फिरकला नाही. वहिनीनं घरही झाडायचं सोडलं. ती, जिला चमच्यावर डाग चालत नसे. दुपारी आवाज थांबायचा तेव्हा ती माझं मनगट घट्ट धरून बसायची, आवाज सुरू होईपर्यंत. माझ्या मनगटावर तिची बोटं उमटायची.

८

एका सकाळी ती मला हलवून उठवायला आली आणि अंगणात घेऊन गेली.

सगळे टब धुतलेले होते. ओळीनं पालथे, काठांवरून पाणी ठिबकत होतं. अंगणाच्या फरशीतून वाफ येत होती. शेगडी गार होती. एकच टब सुलटा होता आणि तो रिकामा होता. आता त्यात काही ठेवायची गरज उरलेली नसावी.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. एकदा सगळ्या टबांवरून नजर फिरवून तिनं मान हलवली. नवऱ्याचं काम बायको जशी बघते तसं तिनं ते बघितलं. मग मला म्हणाली, तू इथंच थांब, उन्हात, मी सांगेपर्यंत आत यायचं नाही. आणि घरात जाऊन तिनं आपल्या खोलीचं दार लावलं.

रातकिडे गप्प झाले.

मी थांबलो नाही, अर्थातच. दाराला जाऊन कान लावला. आत वहिनी बोलत होती. थांबत होती, आणि पुन्हा बोलत होती. समोरच्याचं ऐकून घेऊन मग आपलं सांगावं तसं. दुसरा आवाज नव्हता, पण ती थांबायची ती बरोबर दादाच्या वाक्याएवढी. एकदा ती रागावली. एकदा हसलीसुद्धा. मी दार ढकललं, आतून कडी होती. हाका मारल्या, लाथा मारल्या, शिव्या दिल्या दोघांनाही. दाराखालच्या फटीतून तो पांढरा उजेड माझ्या पायांवर पडला होता.

मग तिचा आवाज अगदी स्पष्ट आला.

"नाही म्हटलं ना. तो नाही. मी येते, पण त्याला इथंच राहू द्यायचं. सवय होईल त्याला."

दोन थापा बसल्या. उजेड गेला.

मागच्या खोलीत किर्रकिर्र सुरू झाली तेव्हा कडी आपोआप सैल झाल्यासारखी वाटली आणि दार उघडलं. पलंगावरची चादर जिथे ती बसली होती तिथे दबलेली होती. मी तिथे हात ठेवला, अजून ऊब होती. खिडकीचे गज जागच्या जागी होते.

लोकांना मी काय सांगितलं ते विचारू नका. पोलीस दोनदा येऊन गेले, डॉक्टर एकदा. मी टब पुन्हा धुवायला लागलोय. पक्षीवालाही परत यायला लागलाय. मी मेलो असतो की कुठे गेलो असतो, मला ठाऊक नाही, आणि तिनं मला वाचवलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण मला राग आलाय. मला चष्मा लावायचा की नाही, कुठल्या शाळेत घालायचं, सहलीला पाठवायचं की नाही, हे सगळं ते दोघं असंच दार लावून ठरवायचे आणि मी बाहेर कान लावून उभा असायचो. तेव्हा निदान शेवटी वहिनी बाहेर येऊन काय ठरलं ते सांगायची. या वेळी मला कुणी विचारलं नाही, आणि सांगायलाही कुणी आलं नाही.